अर्थशास्त्राच्या रविवारच्या वर्गाचा उपयोग होतो की नाही, हे मोजायचं कसं?

उत्तरनागपूर_ताई

नमस्कार. इंदोऱ्यात एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही काही जण मिळून रविवारचा वर्ग चालवतो. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेली मुलं-मुली येतात. बरीचशी अनुसूचित जाती-जमातींतली, काही भटक्या-विमुक्तांतली, काही ओबीसी, मोमिनपुऱ्याकडच्या काही मुली. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणं हे आमचं काम. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जेएनयू, हैदराबाद, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईची आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था), जिथे जमेल तिथे. जुलैत सुरू होतो, मार्चमध्ये परीक्षा आटोपल्या की थांबतो.

हा विषय आपला नाही, असं इथल्या मुलांना कुणी सांगितलं तरी पटायचं नाही. बाबासाहेब कोलंबियात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हाच विषय शिकले, हे त्यांना शाळेपासून ठाऊक असतं. अमरावती जिल्ह्यातून निघालेले सुखदेव थोरात जेएनयूत अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, हेही ठाऊक असतं. गाडी अडते ती गणितापाशी. बहुतेकांचा दहावीनंतर गणिताशी संबंध सुटलेला असतो, आणि पेपरात डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर काढायचं गणित), मॅट्रिक्स, संभाव्यता यांच्याशिवाय पान हलत नाही.

आता मुद्द्यावर येते. हॉलचं भाडं, पुस्तकं आणि बाहेरगावच्या मुलांचं एसटीचं भाडं हा खर्च एका कंपनीच्या सीएसआर निधीतून (सामाजिक कामासाठी कंपन्या देतात त्या पैशातून) भागतो. माणसं भली आहेत, वेळेवर पैसे देतात. पुढच्या वर्षासाठी त्यांनी एक तक्ता पाठवलाय, त्यात मुख्य रकाना एकच: यशाची टक्केवारी. किती मुलं बसली, किती लागली.

या रकान्याने मला अस्वस्थ केलंय. कारण सांगते.

कुही तालुक्यातली एक मुलगी सुरुवातीच्या चाचणीला आली होती. प्रश्न असा: मागणी = १०० − २ × किंमत; किंमत २० असताना मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते, ते काढा. तिने समीकरणाला हातच लावला नाही. सरळ मागणीपत्रक मांडलं. किंमत १९, २०, २१. मागणी ६२, ६०, ५८. मग खाली लिहिलं की विसावर एक रुपया म्हणजे ५ टक्के, साठावर दोन नग म्हणजे ३.३३ टक्के, म्हणून लवचिकता ०.६७. उत्तर अचूक. पण त्या एका प्रश्नात तिचा तीन प्रश्नांचा वेळ गेला. डेरिव्हेटिव्ह तिला कुणी शिकवलंच नव्हतं, मागणी मात्र तिला आतून कळलेली होती. फेब्रुवारीपर्यंत तेच गणित ती अर्ध्या ओळीत सोडवायला लागली. परीक्षेत हव्या त्या ठिकाणी नंबर लागला नाही. तक्त्यात ती अयशस्वी.

त्याच तुकडीत शहरातला एक मुलगा होता. बारावीला कॉमर्स आणि गणित, बी.ए. इंग्रजी माध्यमातून, घरी मोठा भाऊ इंजिनीअर. हुशार आणि मेहनती मुलगा, त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण तो आमच्याकडे आला नसता तरी लागला असता, असं मला मनापासून वाटतं. तक्त्यात तो यशस्वी.

टक्केवारी वाढवायची तर जुलैत त्याच्यासारखी मुलं जास्त घ्यायची आणि तिच्यासारख्यांना नम्रपणे परत पाठवायचं, की काम झालं. कुणी मुद्दाम असं करणार नाही, पण पुढचा निधी त्या रकान्यावर ठरत असेल तर निवड करताना हात आपोआप तिकडे झुकतो. ज्यांच्यासाठी वर्ग काढला तीच मुलं बाहेर राहतील.

म्हणून मला हे समजून घ्यायचंय: वर्गामुळे नेमका किती फरक पडला, हे प्रामाणिकपणे कसं मोजावं? दरवर्षी चाळीसेक अर्ज येतात, जागा वीस. न निवडलेल्यांचे अर्ज आणि चाचणीचे पेपर आम्ही फाइलमध्ये जपून ठेवलेत. त्यांचा काही उपयोग होईल का? आणि इतक्या थोड्या मुलांवरून काही म्हणता तरी येतं का? या कामातलं कुणी असेल तर सविस्तर लिहा. मला घाई नाही, तक्ता जुलैपर्यंत द्यायचाय.

मूल्यमापन_पुणे

ताई, त्या फाइलमधले न निवडलेल्यांचे अर्ज हाच तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा ऐवज आहे. मी मूळचा महालातला, सध्या पुण्यात सामाजिक कार्यक्रमांचं मूल्यमापन हेच काम करतो. संस्थांकडे गेलो की निवडलेल्या मुलांचे फोटोसकट अल्बम मिळतात, नाकारलेल्यांचं एक चिटोरं मिळत नाही. तुम्ही ते ठेवलंत म्हणजे निम्मं काम झालेलं आहे.

तुमच्यासारखाच वर्ग अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर चालतो. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन ही तिथल्या अर्थशास्त्रज्ञांची संघटना १९७४ पासून उन्हाळी वर्ग घेते. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी अशा ज्या समाजांतून पीएच.डी.पर्यंत पोचणारे कमी, त्यांच्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित, सूक्ष्म अर्थशास्त्र, अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्र) यांची कसून तयारी करून देतात. त्याचा उपयोग झाला का, हे चार्ल्स बेकर, सेसिलिया राउझ आणि मिंग्यू चेन या तिघांनी तपासलं आणि २०१६ मध्ये छापलं. यातल्या राउझबाई पुढे अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाच्या प्रमुख झाल्या.

त्यांनी तुलना कुणाशी केली ते बघा. देशातल्या सरसकट विद्यार्थ्यांशी नाही केली, कारण उन्हाळ्याची सुट्टी सोडून गणित शिकायला येणारा मुलगा मुळातच वेगळा असतो. ज्यांनी अर्ज केला पण वर्गाला गेले नाहीत, त्यांच्याशी केली. ओढ दोघांनाही होती, धडपड दोघांनीही केली. निदान तेवढा फरक तुलनेतून गळून पडतो.

निष्कर्ष असे होते. वर्ग केलेल्यांपैकी पीएच.डी.ला अर्ज करून प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा शंभरामागे ४० हून जास्तने अधिक. पीएच.डी. पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे २६ ने अधिक. अर्थशास्त्राशी संबंधित अध्यापन-संशोधनाच्या नोकरीत कधीतरी पोचणाऱ्यांचं सुमारे १५ ने अधिक. आधीच्या वीस वर्षांत या समाजांतल्या लोकांना अर्थशास्त्रात ज्या पीएच.डी. मिळाल्या, त्यांतल्या १७ ते २१ टक्के थेट या वर्गामुळे असाव्यात, असा त्यांचा हिशोब आहे.

४०, २६, १५ हे तीन आकडे तुमच्या देणगीदारांना एकाखाली एक लिहून दाखवा. पहिल्याच पायरीवर मोजून थांबले असते तर बातमी फक्त चाळीसची झाली असती. तुमचा तक्ता नेमका पहिल्या पायरीवर थांबतो. जुलैत प्रवेश मिळाला, संपलं. दिल्लीत गेलेली मुलगी दुसऱ्या सेमिस्टरला तिथेच आहे का, हे त्यात कुठेच येत नाही. शिष्यवृत्ती नंतर येते, हॉस्टेलचं डिपॉझिट आधी भरावं लागतं. त्या मधल्या दोन-तीन महिन्यांत नागपूरला परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. ती तुमच्या तक्त्यात यशस्वीच राहतील.

आता तुमच्या फाइलबद्दल. अर्ज केला पण वर्गात नव्हता, अशा प्रत्येकाच्या नावापुढे कारण लिहा. चाचणीत मागे राहिला, की निवड होऊनही आला नाही? आला नाही तर का? बसचं जमेना, घरून सोडेनात, की दुसऱ्या चांगल्या क्लासला गेला? ही कारणं फार वेगळी आहेत. चांगल्या क्लासला गेलेल्याशी तुलना केलीत तर तुमचा वर्ग उगीच निरुपयोगी दिसेल. ज्याच्या घरी अडचण आली त्याच्याशी केलीत तर उगीच थोर दिसेल.

शिवाय निवड झालेला प्रत्येक जण मोजायचा, मधेच सोडून गेलेलासुद्धा. ऑक्टोबरात सोयाबीन काढणी आणि मग कापूस वेचणी लागली की उमरेड, भिवापूर, काटोलकडची मुलं गळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेवटपर्यंत टिकलेल्यांचाच निकाल दाखवला तर तो घरात थोडी मोकळीक असलेल्यांचा निकाल होतो. ज्याचं नाव जुलैच्या यादीत, तो हिशोबात.

अर्जावर पुढच्या वर्षीपासून एवढं नक्की घ्या: दहावीच्या गणिताचे गुण, त्यानंतर गणित होतं का, माध्यम, आईवडिलांचं शिक्षण, घर ते इंदोरा अंतर, चाचणीचे गुण. कुहीच्या मुलीची तुलना शहरातल्या मुलाशी न करता तिच्यासारख्याच, पण वर्गात न आलेल्या मुलीशी करायची, ती यावरूनच सापडेल.

संख्याशास्त्र_निवृत्त

वरील उत्तर उत्तम आहे. थोड्या मुलांवरून काही म्हणता येतं का, या प्रश्नाला कुणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. नागपुरातच एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे.

समजा, वर्गातल्या २० पैकी १० लागले आणि वर्गाबाहेरच्या २० पैकी ५. म्हणजे ५० टक्के विरुद्ध २५ टक्के. ऐकायला जबरदस्त वाटतं, दुप्पट. पण इतक्या छोट्या गटांत फरकाची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा अधिक-उणे २९ येते, म्हणजे खरा फरक मोजलेल्या फरकाच्या २९ वर-खाली कुठेही असू शकतो. फरक २५ आणि हेलकावा २९, म्हणजे वर्गाचा काहीएक परिणाम नसतानाही हा निकाल निव्वळ योगायोगाने दिसू शकतो. एका वर्षाच्या आकड्यावर पेढे वाटू नयेत आणि वर्ग बंदही करू नये.

हेच प्रमाण तीन वर्षं टिकलं, ६० पैकी ३० आणि ६० पैकी १५, तर मर्यादा अधिक-उणे १७ पर्यंत खाली येते. मग खरा फरक ८ ते ४२ च्या दरम्यान कुठेतरी आहे, असं छातीठोकपणे म्हणता येईल. म्हणून देणगीदारांकडून तीन वर्षांचा शब्द आधी घ्या आणि तीनही वर्षं नोंदी एकाच पद्धतीने ठेवा. दरवर्षी चाचणी बदलली, निकष बदलले तर बेरीज करता येणार नाही.

दुसरी सूचना सोडतीची. जागा वीस आणि अर्ज चाळीस असतील तर मधल्या मुलांत चिठ्ठ्या टाकाव्यात. चाचणीत ज्यांची गरज आणि तयारी दोन्ही स्पष्ट दिसतात ते सात-आठ थेट घ्या. ज्यांना अजून अंकगणितापासून सुरुवात हवी त्यांच्यासाठी निराळी सोय बघा. मधले वीस-पंचवीस जण गुणांनी इतके जवळजवळ असतात की त्यांच्यात तुम्ही करता ती निवडही खरं तर अंदाजच असतो. तिथे सोडत काढली तर दोन्ही गट एकसारखे होतात, आणि पुढे जो फरक पडेल तो वर्गामुळे पडला असं म्हणायला जागा राहते. तुलना मात्र मग त्या सोडतीतल्या मुलांपुरतीच करायची, थेट घेतलेल्यांना त्यात मिसळायचं नाही. गट लहान होतो, त्यामुळे वर्षं आणखी लागतील. त्याला इलाज नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी हे स्वतःच्या घरातही करून पाहिलं आहे. त्याच अमेरिकन संघटनेने २००४ मध्ये नव्याने प्राध्यापक झालेल्या स्त्रियांसाठी मार्गदर्शनाचा उपक्रम सुरू केला. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून सोडत काढली. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांची वाटचालही तितक्याच निष्ठेने टिपली. पाच वर्षांनी पाहिलं तर २००४ च्या तुकडीत मार्गदर्शन मिळालेल्या स्त्रियांचे सरासरी ३ शोधनिबंध जास्त होते, आणि अव्वल नियतकालिकात छापून येणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे २५ ने जास्त.

आणि परिणाम टिकतो का, हेही पाहावं. आपल्याकडे मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखींनी, म्हणजे वस्तीतल्याच तरुण शिक्षिकांनी, मागे पडलेल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना शिकवलं, त्याची रीतसर चाचणी अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केली होती. दुसऱ्या वर्षाअखेर चांगली वाढ दिसली. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने ती बरीच ओसरली होती, तरी पुसली गेली नव्हती. तुमची मुलं मोठी आहेत, विषयही निराळा आहे, पण वर्षभराने पुन्हा मोजायची सवय तिथून घेण्यासारखी आहे.

भिवापूरचा

ताई, मी या सगळ्यात दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहून राहिलो. अशाच एका वर्गाची चाचणी मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दिली होती. कुठला वर्ग ते महत्त्वाचं नाही. भिवापूरहून सकाळच्या एसटीने आलो, पेपर दिला, आठ दिवसांनी मेसेज आला की आपली निवड होऊ शकली नाही. बस. त्याच्या पुढे कोणी काही विचारलं नाही.

सर म्हणतात ते सोडतीचं मला पटते. काही लोकांना वाटेल, पोरांच्या आयुष्याच्या चिठ्ठ्या टाकायच्या का? मी सांगतो, चिठ्ठीत नाव न निघणं सोपं असते. चाचणीत कमी पडलात असं कळलं की माणूस ते खरं धरून बसतो. मी धरून बसलो. दोन वर्षं मी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं नाही, एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसत होतो. मला तेव्हा कोणी सांगितलं असतं की बा, तू आणि आत गेलेला पोरगा दोन मार्कांनी मागे-पुढे आहात, तर मी वेगळा वागलो असतो.

नंतर मी नागपूर विद्यापीठातूनच एम.ए. केलं. आता तालुक्याच्या ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवतो. माझ्या वर्गात अकरावीच्या पोरी आहेत, त्यांना मी मागणीचं समीकरण पहिल्या महिन्यातच शिकवतो, पत्रकासोबत. आता तुमच्या तक्त्यात मला कुठं टाकाल? दिल्लीला गेलो नाही, गोखलेला गेलो नाही. पण अर्थशास्त्रात आहे, आणि दरवर्षी पाच-सहा पोरांना गणित सोडू नका म्हणून सांगतो. ‘लागला’ आणि ‘नाही लागला’ या दोनच खणांत माझ्यासारखे मावत नाहीत. आपल्या विद्यापीठात एम.ए. करणं, कॉलेजात शिकवणं, भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा देणं, बँकेत किंवा जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जाणं, हे सगळं मोजा.

अजून एक. न निवडलेल्यांना तुम्ही वर्षभराने फोन करणार, माहिती घेणार. घ्या, पण फुकट घेऊ नका. त्यांनाही काहीतरी द्या. नोट्सचा संच द्या, फॉर्म भरायच्या दिवसात एक रविवार सगळ्यांना बोलवा, कोणत्या परीक्षेला कोणता अभ्यासक्रम आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कधी करायचा तेवढं तरी सांगा. मला फोन आला असता तर मी नक्की उचलला असता. पण ‘तुमचं पुढे काय झालं’ एवढंच विचारून ठेवून दिला असता, तर दुसऱ्यांदा उचलला नसता.

उत्तरनागपूर_ताई

तिघांचेही मनापासून आभार. भिवापूरच्या दादांचं उत्तर मी काल आमच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर सोडतीला कुणाचा विरोध उरला नाही. सोडत मुलांसमोर, हॉलमध्येच काढायची आणि नाव न निघालेल्यांना त्यांचे चाचणीचे गुण सांगायचे, असं ठरलंय. फॉर्मचा रविवारही सगळ्यांसाठी ठेवतोय.

इथेच दोन शंका आहेत. न निवडलेल्यांनाही नोट्स आणि मार्गदर्शन दिलं तर ते पूर्ण बाहेरचे राहिले कुठे? तुलना बिघडणार नाही का? आणि दुसरं, फोन कुणी करायचा? आमच्यातल्या कुणी केला की मुलं आम्हाला बरं वाटेल तेच सांगतात. ‘छान चाललंय मॅडम’ याच्या पुढे गाडी जात नाही. मागच्या वर्षीची एक मुलगी फोनवर छान चाललंय म्हणाली आणि पंधरा दिवसांनी गणेशपेठ बसस्टँडवर भेटली, सामान घेऊन घरी परत निघाली होती. तिथल्या मेसचं बिल थकलं होतं आणि सांगायला तिला संकोच वाटला.

मूल्यमापन_पुणे

पहिली शंका: बिघडणार नाही, प्रश्न थोडा बदलेल. सगळ्यांना नोट्स आणि एक रविवार दिलात तर तुम्ही मोजाल ते असं की नोट्स आणि एका रविवारापेक्षा नऊ महिन्यांच्या वर्गाने किती जास्त दिलं. खर्च होतो तो त्या नऊ महिन्यांवरच, त्यामुळे देणगीदारांनाही हेच कळायला हवं. फक्त दोन्ही गटांना तेवढंच आणि तसंच द्या, आणि काय दिलं ते लिहून ठेवा. जर फरक अगदीच थोडा निघाला, तर नोट्स आणि फॉर्मचा रविवारच पुष्कळ काम करतो असा त्याचा अर्थ होऊ शकतो. मग तो रविवार काटोल, रामटेक, उमरेडलाही नेता येईल. वाईट बातमी म्हणून त्याच्याकडे बघू नका.

थोडक्यात होणाऱ्या गोष्टींचाही परिणाम होतो, याचा चांगला पुरावा आहे. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात कॅथरीन पोर्टर आणि डॅनिला सेरा यांनी अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या काही वर्गांत, सोडतीने निवडून, दोन माजी विद्यार्थिनींना थोडा वेळ बोलायला बोलावलं. आपण हा विषय का घेतला, पुढे काय केलं, एवढंच त्या बोलल्या. त्या वर्गांतल्या मुलींमध्ये अर्थशास्त्र हा मुख्य विषय निवडण्याचं प्रमाण शंभरामागे ८ ने वाढलं. मुलांवर परिणाम दिसला नाही. तुमच्या फॉर्मच्या रविवारी भिवापूरच्या दादांना बोलवा. एसटीचं भाडं एवढाच खर्च आहे.

फोनचं तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. शिकवणाऱ्याने फोन करूच नये. निवडलेल्या आणि न निवडलेल्या दोघांनाही त्याच व्यक्तीने, त्याच प्रश्नांनी, त्याच महिन्यात फोन करायचा, आणि ती व्यक्ती वर्गातली नको. एखाद्या समाजकार्य महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य म्हणून देता येईल. त्यांना कोण कुठल्या गटातलं हे सांगू नका. ‘कसं चाललंय’ विचारलं की ‘छान’ येणारच. असं विचारा: या महिन्यात किती दिवस कॉलेजात गेलात? मेसचे पैसे कुठपर्यंत भरलेत? शिष्यवृत्तीचा हप्ता आला का? मागच्या सेमिस्टरला कोणता पेपर राहिला? याला ‘छान’ असं उत्तर देता येत नाही.

आणि मेसचं बिल थकलेलं कळलं तर फक्त नोंद करून थांबू नका. मोजमाप बिघडेल म्हणून मदत रोखायची, असं कुठल्याही चांगल्या अभ्यासात करत नाहीत. मदत करा आणि केली असं लिहा.

संख्याशास्त्र_निवृत्त

एक राहिलं. कुठला निकाल मुख्य मानायचा, हे जुलैत, सोडतीच्या आधी कागदावर लिहा. उदाहरणार्थ: ‘सोडतीनंतर दोन वर्षांनी अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे, विद्यापीठ कुठलंही असो.’ बाकीचं सगळं, नोकरी, आर्थिक सेवा, अध्यापन, दुय्यम म्हणून खाली लिहा. कागदावर तारीख घाला आणि एक प्रत देणगीदारांकडे आधीच पाठवा. नंतर आकडे हातात आल्यावर त्यांतला जो बरा दिसतो तोच पुढे करावासा वाटतो. तो मोह सगळ्यांना होतो, आधीच लिहिलेलं असलं की तिथे वादच राहत नाही.

यशाच्या टक्केवारीचा रकाना काढून टाका म्हणून भांडू नका. त्याच्या डावीकडे एक रकाना वाढवून मागा: ‘सुरुवातीचे गुण आणि दहावीनंतर गणित होते का’. आणि उजवीकडे एक: ‘सोडतीत नाव न निघालेल्यांपैकी किती’. तीन रकाने एका ओळीत वाचले की पैसे देणाऱ्याला स्वतःलाच कळेल.

हिशोबाला माणूस लागला तर मी रविवारी मोकळा असतो. जरीपटक्याला राहतो, इंदोरा मला चालत येण्यासारखं आहे. जुन्या फायली आधी दाखवा, मागच्या तुकड्यांचे चाचणीचे गुण एका वहीत उतरवून घेऊ.

उत्तरनागपूर_ताई

सर, नक्की या. येत्या रविवारी दहाला वर्ग सुरू होतो, त्याआधी नऊला हॉल उघडते. फायली काढून ठेवते. भिवापूरच्या दादांना वेगळा निरोप पाठवलाय. फॉर्मचा रविवार बहुधा डिसेंबरात येईल, तोवर कापसाची वेचणी बरीच उरकलेली असेल, म्हणजे गावाकडच्या मुलांनाही येता येईल.